लटारूच्या सात खोबणी

इसरूनं पहिल्या खोबणीत चुना भरायला थापी उचलली, तेवढ्यात चंदाबाईनं त्या खोबणीत कोपरापर्यंत हात घातला.

"हात काढा बाई. चुना हाय, भाजन."

"भाजू दे. हे भोक काऊन बुजवून राह्यले, भाऊ?"

गवंडीकामात इसरूचे केस पांढरे झाले होते, पण भिंतीतल्या भोकासाठी भांडणारी बाई त्याला आजवर भेटली नव्हती. पुरातत्त्व खात्याच्या साहेबांचं फर्मान तर साधं होतं. चंद्रपूरच्या भोवतीचा परकोट गोंडराजांच्या वेळी होता तसा करायचा. झाडं उपटायची, पडलेलं जुन्याच दगडानं बांधायचं, भोकं बुजवायची. नदीकडच्या या अंगाला एकावर एक सात खोबणी होत्या, खालपासून थेट वरपर्यंत.

"यातले दगड गेले कुठी?" इसरूनं विचारलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चंदाबाईच्या मनात तसलं काही नव्हतं. परकोटाच्या बाहेर मासे धरणाऱ्या ढिवरांची चार-सहा घरं होती, त्यातल्या आपल्या घराकडं तिनं सरळ बोट दाखवलं.

"माह्या सासऱ्यानं नेले. लटारू नाव त्याचं. थे पाहा, ओट्याले लागून हायत. सारा मोहल्ला त्याले चोर म्हने. मीबी म्हनो."

"मंग?"

"मंग मोठा पूर आला. भिंतीवर चढाले पायऱ्या हायत परकोटाच्या दरवाज्यापाशी, न पानी पहिलं तिथंच घुसलं. आमी जाव कुठी? या भोकाइत पाय देऊन वर चढलो. अकरा जीव. शेळी धरून बारा. दोन दिवस भिंतीवर होतो. आता सासऱ्याले शिव्या कोन्या तोंडानं देऊ?"

राजानं भिंत बांधली ती कोणी चढू नये म्हणून. लटारूनं दगड चोरले ते ओट्यासाठी. अकरा माणसांचा विचार दोघांच्याही मनात नव्हता. तरी चंदाबाई दोघांचेही उपकार मानायची. दर आखाडीला ती सातही खोबणींना हळद लावायची आणि खालच्या खोबणीत तळलेले चार झिंगे ठेवायची. खोबणीच्या कडा पिवळ्या का आहेत, हे तिनं सांगितलं तेव्हा इसरूला कळलं.

"साहेब नाई आयकत, बाई. येक भोक दिसलं तरी माह्यावर चिडते."

"मंग न्या दगड. फोडा ओटा. पन पुढच्या पुराले आमी कुठून चढाव, थे तेवढं सांगून जा."

 इसरूनं थापी ठेवली, ओट्यापाशी जाऊन एक दगड वितीनं मोजला. दगड चांगला दीड हात लांब होता. मग तो खोबणीपाशी आला, पुन्हा ओट्याकडं गेला आणि त्यानं दगड उपसायला सब्बल मागवली.

चंदाबाईचं तोंड उतरलं. तरी बोलल्याप्रमाणे तिनं ओट्यावरचं जाळं उचललं, घागर हलवली आणि बाजूला उभी राहिली.

इसरूनं पहिला दगड खोबणीत सरकवला, पण अर्धाच. मागच्या पोकळीत त्यानं आधीच खडी आणि चुना ठासला होता. उरलेला अर्धा दगड भिंतीबाहेर राहिला, ऐसपैस पाय ठेवता येईल एवढा. चंदाबाईनं दगडाकडं पाहिलं, मग इसरूकडं पाहिलं, आणि डोळ्याला पदर लावला.

"भाऊ, तुमचं लय भलं होईन."

"भोक बुजलं का नाई?" इसरू म्हणाला. "झालं तं मंग."

सात दगड बसवायला तीन दिवस लागले. तिन्ही दिवस चंदाबाईनं त्याला मासोळीचं कालवण आणि भात वाढला. चौथ्या दिवशी तिकडं काही काम नव्हतं, तरी इसरू जेवायला आला.

चुना पक्का धरल्यावर, महिन्याभरानं, नेमके आखाडीच्या दिवशी साहेब पाहणीला आले.

"हे दगड बाहेर कसे?"

"साहेब, तुमीच म्हनले, जुनाच दगड पायजे. जुनेच हायत. राजाच्या वेळचे."

"अरे, पण राजाच्या वेळी भिंत अशी होती का?"

"तवा माहा जनम नोता, साहेब."

साहेब चिडले. पण त्यांना वरचं कामही बघायचं होतं, आणि शिडी नेमकी पलीकडच्या बुरुजाकडं गेलेली. ती कोणी नेली, हे इसरूला विचारण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, पँट जराशी वर ओढली आणि सगळ्यांत खालच्या दगडावर पाय ठेवला.

"ओ साहेब!" चंदाबाई घरातून धावत आली. "बूट काढा."

"का?"

"अकरा जीव वाचले इथी. आमी हळद लावतो त्याले."

साहेबांनी खाली वाकून पाहिलं. दगडावर ओली हळद होती, आणि बुटाच्या टोकाशी चार तळलेले झिंगे. त्यांनी पाय मागं घेतला. मग ते चंदाबाईच्या फोडलेल्या ओट्यावर जाऊन बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले.