गुळाचा डबा

गुळाचा डबा द्वारकाबाईंनीच वरच्या फळीवर, परातीमागे लपवला होता. सून पाचव्या महिन्यात, आणि दर दोन तासांनी तिच्या तोंडात गुळाचा खडा! शेजारणीच्या लेकीला गरोदरपणात साखर झाल्यापासून त्यांनी धसकाच घेतला होता. "हेमांगी, डोहाळे आवर गं जरा," असं त्यांचं बजावूनही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी स्वयंपाकघरात निपचित पडलेली सापडली. अंग घामाने थबथबलेलं, हाकेला ओ नाही. फळीखाली स्टूल ओढलेलं होतं.

"हे डोहाळे नव्हतेच," तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले. "स्वादुपिंडात गाठ आहे. तिच्यामुळे रक्तातली साखर एकदम उतरते. आजवर त्या गुळानेच दोघांना तारलं. गाठ आताच काढायला हवी. ऑपरेशनमध्ये बाळाला धोका आहे, पण नाही काढली तर दोघंही हाती लागायची नाहीत."

ऑपरेशनच्या दिवशी द्वारकाबाई मुठीत खडा घेऊनच आल्या. नर्सने अडवलं, "मावशी, पोटात काही जायचं नाही. साखर सलाईनमधून चालू आहे."

"आई, तुमच्यापाशीच ठेवा," स्ट्रेचरवरून हेमांगी म्हणाली. "शुद्धीवर आले की तुमच्याच हातानं द्या."

दार बंद झालं. एक तास गेला, दुसरा गेला, तिसराही उलटला. द्वारकाबाईंच्या बोटांमधून गूळ ओघळू लागला. मूठ आवळावी तर खडा पाघळत होता, आणि सैल सोडायची छाती होत नव्हती.