पंचाहत्तर सेंटिमीटर

भाताच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे फिमनं रोखलेला श्वास सोडला.

"पंचाहत्तर!" नवऱ्याच्या छातीभोवतीची शिवणाची टेप तिनं सोडली. "शहात्तर लागतात. सुटलास बघ, कुंग!"

कुंगनं घाईघाईनं सदरा चढवला. कुंग म्हणजे कोळंबी. पाळण्यातलं नाव, पण बारक्या अंगाला गोंदल्यासारखं चिकटलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी बायकोसमोर उघड्या अंगानं बसायला तो कचरायचा.

शिक्षणाच्या नावावर पुढे ढकललेली सक्तीची सैन्यभरती आज तालुक्याच्या शाळेत होती. छाती भरली, की चिठ्ठ्यांच्या पेटीत हात घालायचा. काळी चिठ्ठी निघाली तर घर, लाल निघाली तर दोन वर्षं छावणी. छाती भरलीच नाही, तर पेटीपर्यंत जायचंच कारण नाही.

"सगळं गाव बघायला येतं गं," तो म्हणाला. "उघडं उभं करतात. दंडावर शाईनं नंबर घालतात, बाजारातल्या म्हशीसारखा."

"दहा मिनिटांची तर लाज. श्वास सोड, खांदे पाड, आणि सरळ घरी ये." तिनं पोटावर हात ठेवला. आठवा सरत आला होता. "हे बाळ येईल तेव्हा तू हवास मला."

"टेपवाला काहीतरी बोलेलच."

"बोलू दे की. कोळंबीच म्हणेल ना? त्यात नवीन काय!"

ती खळखळून हसली. तो हसला नाही. त्यानं पाच वर्षांच्या लेकीला, इमला, मोटरसायकलवर पुढे बसवलं आणि निघाला.

दुपारी परतला तो थेट रांजणापाशी जाऊन बसला. दंडावरची शाई चोळचोळून धुऊ लागला. फिमनं मासा भाजून ठेवला होता, पपईची कोशिंबीर कुटली होती. त्याचा पडलेला चेहरा पाहून तिनं ओळखलं: हसले असणार, म्हणजे सुटला.

"झालं?"

"झालं."

"फार हसले का रे?"

"गर्दीतून गावचा सोमपोंग ओरडला, 'साहेब, एवढीशी कोळंबी! जाळ्यात घेताय की परत पाण्यात सोडताय?' पोरी, म्हातारे, सगळे फिदीफिदी हसले."

"आणि मग?"

"मग कोणी नाही हसलं."

सकाळचं आपलं हसू फिमला आठवलं. तिची मान खाली गेली. ती अवघडत त्याच्याशेजारी टेकली आणि तिनं त्याचं ओलं डोकं छातीशी घेतलं.

"माझंच चुकलं. मी तरी नको होतं हसायला. मला तू असाच हवास, ऐकतोयस ना? या एवढ्याशा छातीनंच तुला आमच्यासाठी राखलं."

त्याचे खांदे गदगदू लागले. रडू दे, तिनं मनाशी म्हटलं, लाज वाहून जाईल. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

इम उड्या मारत आली.

"आई, बाबांनी ना, एऽवढा मोठा श्वास घेतला! टेपवाले काका म्हणाले, 'शाब्बास, आता दिसतोस मर्द!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाबांनी पेटीत हात घातला. बाकीच्यांना काळी काळी चिठ्ठी आणि आपल्या बाबांना छान लाल! तरी बाबा का रडतायत गं?"