चारही चाकांची पकड

म्हातारा तिसऱ्यांदा गाडीभोवती फिरला आणि खाली वाकून पुढच्या टायरवरून हात फिरवू लागला, तेव्हा मालकाच्या डोक्यात तिडीक गेली.

“काका, गाडी बघताय की मुलीसाठी स्थळ?” तो हसत म्हणाला. हसू ओठांपुरतंच होतं.

“मुलीसाठीच बघतोय, पण गाडी. स्थळ तिचं तिने बघितलं.”

आज चिडून चालणार नव्हतं. मालकाची बायको मुलांना घेऊन भावाकडे जाऊन बसली होती. ‘ती गाडी दारातून गेल्याशिवाय मी घरात पाऊल टाकणार नाही,’ असं तिने निक्षून सांगितलं होतं. ही स्टेशन वॅगन तिनेच हट्टाने घ्यायला लावली होती. मुलांच्या सायकली मावतात, बाजार मावतो, मागची सीट पाडली की कपाटसुद्धा मावतं, हे ती शेजारणींना कौतुकाने सांगत असे. आता तिला त्या गाडीत बसवत नव्हतं. गिऱ्हाइकं येत होती, नाकं मुरडून जात होती आणि संध्याकाळी रिकामं घर खायला उठत होतं.

“बॉनेटचा रंग जरा वेगळा दिसतो,” म्हातारा म्हणाला.

“उन्हात उभी असते ना.”

“ऊन नेमकं बॉनेटवरच पडतं वाटतं.”

मालकाने किल्ली पुढे केली. “एक चक्कर मारून बघा. घ्या किल्ली.”

“तुम्हीच चालवा. पावसात मला नीट दिसत नाही. शिवाय गाडी कशी आहे ते मालक चालवताना कळतं.”

बाहेर भुरभुर चालू होती. वस्तीमागे नव्या इमारतींचं काम चाललं होतं. तिथल्या चिखलाच्या चढावर मालकाने मुद्दाम गाडी घातली. बाजूला एक टेम्पो चाकं फिरवत जागच्या जागी रुतत होता. वॅगन मात्र न कुरकुरता वर गेली.

“बघितलंत? चारही चाकांना जोर जातो. एक घसरायला लागलं की बाकीची धरून ठेवतात. बाकीच्या गाड्या इथे माती खातात.”

“चढते ते कळलं,” म्हातारा म्हणाला. “थांबते का?”

“थांबते म्हणजे? ब्रेक दाबला की थांबते!”

“ओल्या रस्त्यावरसुद्धा?”

“अहो, ओल्या काय न् कोरड्या काय!”

“तसं सगळेच म्हणतात.”

मालकाचे कान तापले. तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा मेसेज होता. ‘गेली का?’ त्याने एका हाताने ‘आज जाईल’ असं लिहायला घेतलं.

“रस्त्याकडे बघा,” म्हातारा म्हणाला.

“बघतोय हो! हात बसलाय माझा.” त्याने फोन मांडीवर टाकला. “वर्षानुवर्षं चालवतोय ही गाडी. मुलांना शाळेत सोडा, सामान आणा, गावाला जा. एकदाही दगा दिला नाही तिने.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

चौकात म्हाताऱ्याने बोट दाखवलं. “डावीकडे घ्या.”

“तिकडून नको. तिकडे वाहनं फार असतात.”

“या वेळी नसतात. छान उतार आहे. थांबते की नाही ते तिथे कळेल.” मालकाने गाडी कडेला घेतली तसा म्हातारा पुढे म्हणाला, “राहू द्या. तुमचाच भरवसा नसेल तर मुलीच्या गळ्यात कशाला मारू? सोडा मला इथेच.”

म्हाताऱ्याने खरोखरच दाराच्या कडीला हात घातला. हेही गिऱ्हाईक हातचं जाणार होतं. पुन्हा ते रिकामं घर, पुन्हा मेव्हण्याच्या दारात उभं राहून केलेल्या विनवण्या. आणि का? तर एका खडूस म्हाताऱ्याला चांगल्या गाडीतलं काही कळत नाही म्हणून.

“बसा!” मालक जवळजवळ ओरडला. “पट्टा नीट लावा आणि बघा!”

त्याने गाडी डावीकडे वळवली. उतार सुरू झाला. रस्ता काळाभोर चमकत होता, कडेने पाणी वाहत होतं. मागेपुढे कोणी नव्हतं. त्याने वेग वाढवला. काटा पन्नासच्या पुढे गेला. खाली पायी ओलांडायचे पांढरे पट्टे दिसू लागले, भराभर जवळ आले. म्हातारा त्या पट्ट्यांवरच नजर लावून बसला होता. मालकाने दात आवळून ब्रेकवर सगळं वजन टाकलं.

पायाखाली पेडल थरथरलं. दोघेही पट्ट्यात पुढे ओढले गेले. गाडी इकडे नाही की तिकडे नाही, सरळ रेषेत येऊन पांढऱ्या पट्ट्यांच्या हातभर अलीकडे उभी राहिली.

“झालं समाधान?” मालकाचा आवाज चढला होता. इतक्या दिवसांची सगळी चीड त्यात उतरली होती. “पाऊस आहे, उतार आहे, वेग तुम्ही स्वतः बघितलात! घसरली? तसूभर तरी घसरली? अहो, या गाडीला घसरणं माहीतच नाही! समोर माणूस असता तरी वाचला असता!”

“खरं आहे,” म्हातारा म्हणाला. “कागदावर सही करून द्याल असं?”

“एकदा नाही, दहादा देतो!”

म्हाताऱ्याने पट्टा सोडला, दार उघडलं आणि तो खाली उतरला. भुरभुरत्या पावसात चालत तो पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मालकाने काच खाली केली.

“काय करताय काका? घ्यायची ना गाडी?”

“नाही. मी तुम्हाला भेटायला आलो होतो. त्या दिवसानंतर तुम्ही काही आला नाहीत,” म्हातारा म्हणाला. “पोलिसांना गाडी घसरली म्हणून सांगितलंत. माझी बायको इथेच रस्ता ओलांडत होती.”