शेवटचे चार बल्ब

१४ जुलै, सकाळी सव्वादहा; मलावीतल्या डेड्झाच्या सरकारी रुग्णालयाच्या अंगणात ४१२ जुने बल्ब मांडले होते. कमी वीज खाणाऱ्या नव्या बल्बांसाठीचे कर्ज बँक, जुने सर्व फोडल्याच्या माझ्या, म्हणजे तपासनिसाच्या, दाखल्यावरच देणार होती. मुकादम झिम्बा घणाने फोडत गेला, मी मोजत गेलो. शेवटचे चार बल्ब एनेलेस या वृद्ध सुईणीने पोटाशी धरले. “अपुऱ्या दिवसांची बाळं यांच्याच उबेवर जगतात. तुझे नवे बल्ब गार!” “सोड, आजी, नाहीतर हात फोडीन!” झिम्बा ओरडला. “उंदराएवढा जन्मलास, मेल्या! यांच्याखालीच शेकलं तुला.” मजूर हसले. झिम्बाने तिला मानगुटीला धरून फरफटवले. तिने फुटक्या बल्बची काच उचलून त्याच्या गालात खुपसली. त्याने तिच्या डोक्यावर घण उगारला. मी उजवा हात आडवा घातला, मनगट मोडले. ते चार बल्ब बाळांच्या उबेच्या पेटीत पेटले. दाखला डाव्या हाताने लिहिला: फोडलेले बल्ब, ४१२.