हातावर पाणी

"माझ्या मुलीचा नंबर काढून टाका, बाई," भिमाबाई म्हणाली. "तांब्या दुसऱ्या कुणाला तरी द्या."

तिसरीच्या वर्गाबाहेर पाण्याचं पिंप होतं. एकोणनव्वद सालीही अंबरनाथच्या त्या शाळेत नळाला पाणी सकाळी तासभरच यायचं. पिंपात सगळ्यांचे हात बुडू नयेत म्हणून मोकाशीबाईंनी पद्धत पाडली होती. दर आठवड्याला एका मुलीचा नंबर. डब्याच्या सुट्टीत तिने तांब्याने पाणी घालायचं, बाकीच्यांनी ओळीने येऊन हात धुवायचे. या आठवड्यात भिमाबाईच्या विशाखाचा नंबर होता.

सोमवारी शालनच्या मंजिरीने विशाखापुढे हात धरले नाहीत. घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने ती कोपऱ्यात हात धुऊन आली. मंगळवारी आणखी सहा बाटल्या आल्या. बुधवारी विशाखा भरला तांब्या घेऊन सुट्टीभर नुसती उभी होती. आज गुरुवारी बाईंनी शालनला बोलावून घेतलं होतं.

वर्गातून पोरं वाकून बघत होती. शालनने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," ती भिमाबाईला म्हणाली. "महिनाभर आमच्या गल्लीत कावीळ आहे. तीन मुलं आजारी पडलीत. पाणी उकळा म्हणून मीच दारोदार सांगत फिरतेय. म्हणून बाटली दिली. जातपात आमच्या घरात कुणी पाळत नाही. मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं."

"मी चौथीपर्यंत," भिमाबाई म्हणाली. "पण पंधरा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया आहे. हात कसे धुवायचे ते पोरीला मीच शिकवलंय. बोटांच्या बेचक्यात, मग पार मनगटापर्यंत. दाखव गं नखं ताईंना."

विशाखाने हात पुढे केले. नखं बारीक कापलेली होती. शालनची नजर मंजिरीच्या नखांकडे गेली, आणि तिने मुलीचा हात हळूच आपल्या पदराखाली घेतला.

"काल म्हणते कशी, आई, मी नाय जाणार शाळेत. तुझ्या दवाखान्यात येते. तिकडच्या बायका तरी घेतील ना पाणी?" भिमाबाई हसायला गेली, पण ते काही जमलं नाही. "शाळा सुटली म्हणजे हिच्या पण हातात फरशीचं फडकं येणार, बाई. म्हणून म्हणते, नंबर काढा. बाकी काय नको."

शालनचे कान तापले. उगाच कुणी आपल्याला असलं समजावं, हे तिला सहन होईना.

"मंजिरी, घाबरू नकोस," ती म्हणाली. "मी तुला काय सांगितलं होतं, ते सांग बाईंना."

मंजिरीने पाढा म्हणावा तसं सांगितलं, "कुणाच्याही हातचं पाणी घ्यायचं नाही. कावीळ होते."

"ऐकलंत? कुणाच्याही. मी नाव कुणाचंच घेतलं नव्हतं."

मोकाशीबाईंनी मान डोलावली. मग सावकाश म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात वृंदा जोशीचा नंबर होता. तेव्हा मंजिरी ओळीत सगळ्यांच्या पुढे असायची. कावीळ तेव्हाही होतीच ना?"

शालन उत्तर शोधू लागली. तेव्हा बाटली का दिली नव्हती? तिला खरंच आठवेना. सोमवारची गडबड तेवढी आठवली. स्टोव्हवर उकळणारं पाणी, मंजिरीची अर्धी वेणी, शाळेला होत असलेला उशीर.

"बाटली माळ्यावर होती," ती कशीबशी म्हणाली. "सापडत नव्हती."

आई अडखळलेली पाहून मंजिरी मदतीला धावली.

"असं नाही काही, आई. तू वेणी घालताना विचारलंस, या आठवड्यात पाणी कोण घालणार? मी म्हटलं, विशाखा. मग तू तिचं आडनाव विचारलंस, आणि लगेच स्टुलावर चढून बाटली काढलीस."