डावी मिशी

"मिशी डावीकडं उतरलीय," आबाजी म्हणाले. "पूस ती."

जोतीरामानं कुंचला खाली केला नाही. "आबा, मिशी तुमचीच उतरलीय. कुंचल्याला कशाला बोल लावता?"

उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या ठमाबाईंना हसू आलं. मग त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि ते विरलं. मिशी पुसायची ही काही पहिली वेळ नव्हती.

जोतीराम बारामतीचा. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्याची हयात गेली. बोलपट आले, कंपन्या बसल्या आणि तो लोकांच्या तसबिरी काढत गावोगाव फिरू लागला. पोळ्यानंतर तो लासुर्ण्याला आबाजींची तसबीर काढायला आला आणि मळ्यातल्या घरातच राहिला. दिवसभर उभं राहून त्याचे पाय सुजायचे. संध्याकाळी ठमाबाईंनी दिलेल्या ऊन पाण्यात पाय सोडून तो बोलत बसायचा.

"आक्का, कावळा कुठल्या रंगाचा?"

"काळा. आनि कसा आसंल?"

"निळा हाय त्यात. जांभळाबी हाय. रोज बघता, पर बघत न्हाय तुमी." मग जरा थांबून म्हणायचा, "मानूस गेला की घरच्यांना त्याचं तोंड आठवत न्हाय. माझ्या आईचं मला आठवत न्हाय. जात्यावरचा तिचा हात तेवढा दिसतो. म्हनून मी खोटं काढत न्हाय. ज्याची मिशी वाकडी, त्याची वाकडीच."

एकदा त्यानं इंदापूरची गोष्ट सांगितली. तिथं पटकीची साथ आली तेव्हा सगळी कंपनी पळाली होती. दरबाराचा पडदा अर्धा राहिला म्हणून हा एकटा मागं थांबला. "मलाबी पटकी झाली, आक्का. पर पडदा पुरा केला आनि मगच आडवा पडलो. अर्धं टाकून जानं माझ्याच्यानं होत न्हाय."

"खुळा हायस," आबाजी म्हणाले. पण त्या रात्री जेवताना त्यांनी ती गोष्ट त्याला पुन्हा सांगायला लावली.

नवरात्रात आबाजींना चक्कर आली. बारामतीहून डॉक्टर आणले. एवढ्या लांबून टांगा आलाय म्हणून आबाजींनी सगळ्यांनाच तपासायला लावलं. ठमाबाईंची नाडी पाहून झाली, जोतीरामही कुरकुरत सदरा काढून बसला. निघताना डॉक्टर आबाजींना टांग्यापाशी घेऊन गेले आणि बराच वेळ हलक्या आवाजात बोलत राहिले. आबाजी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"काय म्हनले?" ठमाबाईंनी विचारलं.

"काय न्हाय. सगळ्यांनी मीठ कमी खावं म्हनले."

तसबीर तेव्हा जवळजवळ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच आबाजींना तिच्यात खोट दिसली. कान मोठा झालाय. कान झाला, तर पागोट्याचा रंग फिका. पागोटं झालं, तर मिशी. जोतीराम भांडायचा, कुंचला आपटायचा आणि पुन्हा रंग कालवायला बसायचा.

ठमाबाई काय समजायचं ते समजल्या. रात्री तोंडाला पदर लावून रडल्या.

गावही समजलं. पाटाच्या पाण्यावरून गोऱ्या साहेबाच्या घोड्याचा लगाम धरणारे हे आबाजी. आता चावडीवर पोरंसोरं हसू लागली. "तसबीर पुरी झाली की म्हातारा भिंतीवर जानार, म्हनून टरकलाय." कुणीतरी हे त्यांच्या तोंडावरही बोललं. ठमाबाईंना वाटलं, आता काठी उगारतील. पण आबाजी शांतपणे म्हणाले, "व्हय, टरकलोय. पर तसबीर पुरी व्हायची न्हाय. कोन काय करतंय तेच बघतो."

दिवाळी गेली. उसाच्या गाड्या वालचंदनगरच्या कारखान्याकडं जाऊ लागल्या. जोतीराम तसाच उभा, आबाजी तसेच समोर बसलेले.

संक्रांतीच्या दिवशी मात्र ठमाबाईंनी मन घट्ट केलं. जे व्हायचं ते होवो, पण आपला माणूस भेकड म्हणून जायला नको. त्या तिळगूळ घेऊन सोप्यात आल्या. तसबीर पुरी झाली होती. तसबिरीतले आबाजी नुसते बसले नव्हते, बघत होते. मिशी वाकडी होती आणि डोळ्यांत जुनी रग होती.

"जोतीरामभाऊ," त्या म्हणाल्या, "आता ह्यांचं ऐकू नका. खाली नाव घाला नि मोकळं व्हा."

जोतीरामानं बारीक कुंचला घेतला. तो नाव घालायला वाकला, तोच आबाजी उठले. तेलाचं फडकं उचलून त्यांनी तसबिरीचे दोन्ही डोळे पुसून टाकले.

"आबा!" जोतीराम ओरडला. "डोळं गेलं म्हंजे चित्र पहिल्यापासून आलं! तुमाला वाटतं मी कटाळून पळून जाईन? न्हाय जायचा! बघाच तुमी!" कुंचले गोळा करून तो ताडताड विहिरीकडं धुवायला निघाला. त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. रंग कुठला, उजेड कुठला, सुरुवात कुठून.

ठमाबाईंच्या हातातली वाटी खाली पडली.

"अवं, मरनाला एवढं भ्यालात व्हय?" त्यांना हुंदका आवरेना. "गाव हसतंय. मला सांगा तरी, डॉक्टरनं किती दिवस दिलेत तुमाला?"

आबाजींनी विहिरीकडं पाहिलं. जोतीराम गुडघ्यावर बसून कुंचले पिळत होता.

"हळू बोल," ते म्हणाले. "मला काय झालंय? डॉक्टर जोतीरामाचं बोलला. दिवाळी बघायचा न्हाय म्हनला."