बाटलीवरचं नाव

मंगलनं दवाखान्यातल्या संडासाची कडी लावली आणि स्वरालीच्या नावाची बाटली स्वतःच भरली.

बाहेर बाकावर अकरा वर्षांची स्वराली आजीला टेकून बसली होती. तिला लघवी लागत नव्हती. एरवी मंगलनं पोरीला तांब्याभर पाणी पाजलं असतं. आज तिनं ‘दे हिकडं, बघते मी’ म्हणत बाटलीच काढून घेतली.

स्वराली सातव्या महिन्यात झाली होती. जेमतेम तेराशे ग्रॅमची. दीड महिना काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, हिच्या किडन्या पुऱ्या वाढायच्या आतच ही आलीय, दर वर्षी रक्तदाब आणि लघवी तपासत जा. मंगल एकदाही गेली नाही. तपासलंच नाही तर काही निघणारही नाही, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. गल्लीतल्या मारुतीरावांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेताना ती बघत होती. त्यांची रिक्षा दिसली की ती खिडकी लावून घ्यायची.

आता पोरगी धावण्यात निवडली गेली होती. बेळगावच्या क्रीडा वसतिगृहाला डॉक्टरचा दाखला हवा होता. आणि आपली लघवी चांगलीच निघणार, आपल्याला काय धाड भरलीय, असं मंगलला वाटत होतं. सकाळी तिच्या पापण्या सुजायच्या, पण ते काळजीनं झोप नाही म्हणून, असं ती धरून चालायची. चपलेचा पट्टा पायात रुतायचा, तो साड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहून.

तासाभरानं डॉक्टरबाईंनी तिघींना आत बोलावलं. त्यांनी स्वरालीच्या दंडाला पट्टा बांधला, दाब मोजला, मग रिपोर्ट हातात घेतला.

“दाब चांगला आहे. पण लघवीतून प्रथिनं फार जातायत. मला हे अजिबात बरं वाटत नाही. आजच ॲडमिट करू.”

“म्हंजे मी पळायचं न्हाय?” स्वरालीनं विचारलं. तिचे डोळे भरून आले.

मंगलनं पोरीकडे बघितलं. गप्प बसलं तर पोरीला सुया टोचणार, बोललं तर सगळी लबाडी उघडी पडणार.

“मॅडम, त्या बाटलीतली लघवी माझी हाय.”

बोलून झालं आणि तिला एकदम हलकं वाटलं. पोरीचं नाही, पोरीचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. डॉक्टरबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या मंगलच्या पापण्यांकडे बघत होत्या, मग पायांकडे. त्यांनी तोच पट्टा मंगलच्या दंडाला बांधला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

“दाब एकशे ऐंशी. तुमचा स्वतःचा जन्म कितव्या महिन्यातला?”

“मी पुऱ्या दिवसांची. व्हय न्हवं गं आई?”

नंदगडहून पहाटेच्या बसनं आलेली नागुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“आई?”

“तू बी सातव्यातलीच हाईस,” नागुबाई म्हणाली. “चुलीपाशी कापसात गुंडाळून जगवलं तुला. लग्न मोडंल म्हणून कुणाला सांगिटलं न्हाय. ही पोर झाली तवा तुझी सासू तुला बोलत हुती, तवा तरी सांगायचं हुतं. भ्या वाटलं गं.”

अकरा वर्षं मंगल स्वतःलाच विचारत होती, माझं काय चुकलं? तिला ओरडावंसं वाटलं, आईला गदागदा हलवावंसं वाटलं. पण ओरडणार कुठल्या तोंडानं? तासाभरापूर्वी कडी लावून तिनं तरी दुसरं काय केलं होतं?

डॉक्टरबाईंनी रिपोर्टवरचं स्वरालीचं नाव खोडून तिथं मंगल लिहिलं. “बरं झालं, आज कळलं. औषधं लगेच सुरू करू,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक नवी बाटली काढली, तिच्यावर स्वरालीचं नाव घातलं आणि मंगलपुढे ठेवली.

भीती गेली नव्हती, उलट पोरीच्या जोडीला आता स्वतःचीही वाटत होती. मंगलनं बाटली उचलली आणि पोरीच्या हातात दिली.

“जा. पाणी पी, आन् तुझी तूच भरून आण. मी हितंच हाय.”